उजव्या खिडकीतला धूमकेतू

"वाठोरे, आता तुम्ही," नचिकेत सर म्हणाले, तसं प्रेमानंदने बाकावरच अंग चोरलं.

डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. हिंगोलीतल्या एका शाळेचा वर्ग तासाभरासाठी मागून घेतला होता, आणि बाकांवर शहरातले आठ-नऊ आकाशवेडे बसले होते. वर्ष संपताना ही मंडळी अशी जमायची. वर्षभरात आभाळात जे सगळ्यात भारी पाहिलं, ते ज्याने त्याने उठून सांगायचं. नियम एकच होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं, फोटोतलं नाही, ऐकलेलं नाही.

औषधांचं दुकान चालवणाऱ्या रेवतीताईंनी शनीचं सांगितलं. यंदा त्याची कडी इतकी पातळ झाली होती की दुर्बिणीला डोळा लावून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर बांगडी आडवी धरलीय कुणीतरी." ट्रेझरीतले गोपाळराव ऑगस्टात उल्का पाहायला गच्चीवर छत्री घेऊन बसले होते. रात्रभरात ढगांच्या फटीतून एकच उल्का दिसली, पण तिने शेजारच्या पाण्याच्या टाकीवर उजेड पाडला. बाकी सगळ्यांनी ऑक्टोबरातल्या धूमकेतूचंच सांगितलं. कुणाला तो शेतातून दिसला, कुणाला टेकडीवरून. सांगताना प्रत्येकाचा हात आपोआप वर जात होता.

"माझं यंदा काही न्हाई सर," प्रेमानंद म्हणाला.

"असं कसं? धूमकेतूच्या वेळी तर तुम्ही मला रोज फोन करत होता."

"न्हाई दिसला."

वर्गात जराशी चुळबुळ झाली. प्रेमानंद उठला, "ड्युटी हाय" म्हणाला आणि बाहेर पडला. ड्युटी नव्हती. सगळ्यांना ते ठाऊक असावं, कारण कुणी थांबवलं नाही.

प्रेमानंद वाठोरे हिंगोली डेपोत ड्रायव्हर होता. नोकरीची सत्तावीस वर्षं झाली होती आणि आभाळाचा नादही या नोकरीनेच लावला होता. मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात जायचं, जेवण झालं की शिडीने टपावर चढायचं आणि सतरंजी टाकून पडायचं. वीज गेलेली असली की आभाळ असं अंगावर यायचं की झोप लागायची नाही. आधी नुसतं पाहणं, मग नावं, मग नचिकेत सरांशी ओळख, मग दोन डोळ्यांची दुर्बीण. बायको शिला म्हणायची, "दिवसभर रस्ता पाहता, रातभर आभाळ. घरात कवा पाहता?" पण दुर्बिणीला पिशवी तिनेच शिवली होती.

घरी आल्यावरही त्याला चैन पडेना. बसला, उठला, फाटकापर्यंत जाऊन आला.

"काहून असे येरझारा घालून राहिले?" शिलाने विचारलं. "दोन महिने झाले, पाहून राहिले मी. जेवतानाबी तुमचं चित्त न्हाई."

"काही न्हाई."

"त्या बाईचंच हाय ना? मग जाऊन इचारून या ना एकदा. दवाखाना काय पळून चाललाय?"

औंढ्याच्या दवाखान्यापर्यंत तो एकदा गेला होता, हे त्याने शिलाला सांगितलंच नव्हतं. फाटकासमोरच्या टपरीवर त्याने चहा घेतला, तो सावकाश प्याला, आणि आत न जाता परत आला. विचारलं नाही तोवर ती बाई जिवंत होती.

ऑक्टोबरात झालं ते असं.

धूमकेतूचं नाव लांबलचक होतं, चिनी. ऐंशीएक हजार वर्षांपूर्वी येऊन गेला होता म्हणे, आणि आता परत येईल की नाही ते कुणीच सांगत नव्हतं. संध्याकाळी मावळतीला दिसायचा होता. पहिले दिवस परतीच्या पावसाने खाल्ले. मग पुनवेचा चंद्र. नचिकेत सर म्हणाले होते, पुनव उलटली की दोन-तीन संध्याकाळी मिळतील, चंद्र उगवायच्या आत. पुढे तो फिका पडत जाईल. आणि नेमकी त्याच आठवड्यात प्रेमानंदला संध्याकाळची जवळा बाजारची गाडी लागली. ड्युटी बदलून घ्यायला त्याने चौघांना गाठलं. दिवाळी तोंडावर होती, कुणी ऐकेना. तेव्हा त्याने कंडक्टर सपनालाच मनातलं सांगितलं.

"ताई, औंढ्याच्या अलीकडं तो फाटा हाय ना, तिथं अंधार असतो. तिथं पाच मिनटं गाडी थांबवू. तेवढंच."

सपना वयाने त्याच्या निम्मी, पण गाडीतला माणूस न् माणूस ताब्यात ठेवणारी. ती हसली. "थांबवा. पॅसिंजरला मी सांगते. पर मलाबी दाखवायचा."

त्या संध्याकाळी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं. हिंगोली सोडली तेव्हा मावळतीला केशरी पट्टा होता. प्रेमानंदची मान सारखी उजवीकडे वळायला बघत होती आणि तो ती पुन्हा रस्त्यावर आणत होता. सोयाबीनचे दिवस. रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मळणीयंत्रं. कुणाला मागचा दिवा नाही. अशा रस्त्यावर ड्रायव्हरने बाजूला बघायचं नसतं. पहिल्या वर्षी त्याच्या उस्तादाने हे त्याच्या पाठीत थाप घालून शिकवलं होतं.

फाट्यावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सपनाने मोठ्याने सांगितलं, "पाच मिनटं थांबणार हाय. शेपटीवाला तारा दिसतो म्हनतेत, ज्याला पाहायचा त्यानं उतरा."

"तारा पाहायला येष्टी थांबवता का?" मागून एकजण कुरकुरला. पण तीन-चार जण उतरायला उठलेही.

प्रेमानंदने आपल्या बाजूचं दार उघडलं. एक पाय खाली पायरीवर टेकवला. मान अजून वर केली नव्हती. आधी नीट उभं राहावं, डोळे अंधाराला सरावू द्यावेत, मग बघावं, असं त्याने आठवडाभर मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात शेतातल्या वाटेने एक मोटारसायकल वेडीवाकडी आली आणि गाडीसमोर आडवी झाली. चालवणारा पन्नाशीतला शेतकरी. त्याच्या पाठीला धोतराने बांधलेली एक बाई. तिची मान एका बाजूला पडली होती.

"साहेब, नाग! नाग चावला हिला!" तो माणूस ओरडला. "सोयाबीनची गंजी झाकत व्हती, हाताला डसला. ॲम्बुलन्सला फोन केला, निघालीय म्हनतेत, पर ही बसून राहीना, पडून राहिली गाडीवरून..."

त्या एका क्षणात प्रेमानंदच्या मनात आलं ते फक्त एवढंच, आजच काहून? मग त्याने पायरीवरचा पाय वर घेतला.

"वर घ्या तिला. ताई, उतरलेल्यायला चढवा. औंढ्यापोहोत कुठं थांबणार न्हाई आता."

कुरकुरणाऱ्यानेच बाईला खालून उचललं. ड्रायव्हरमागच्या, उजव्या बाजूच्या बाकावर खिडकीशी तिला बसवलं. रुक्माबाई नाव तिचं. नवरा ग्यानोबा तिला नावाने हाका मारून मारून रडत होता. सपना तिच्या शेजारी बसली आणि चावलेला हात तिने आपल्या मांडीवर धरून ठेवला.

"हात हालू देऊ नका," प्रेमानंद पुढे बघतच म्हणाला. "आन् त्यायला भिवू देऊ नका."

"दादा, हिच्या पापण्या पडून राहिल्यात. बोलना गेली."

काय करावं ते त्याला कळेना. गाडीने वेग घेतला होता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून तो ओरडला, "आतले दिवे बंद करतो मी. त्यायला बाहीर पाहायला लावा. उजवीकडं, तो मोठा तारा हाय ना खाली, तो शुक्र. त्याच्या वर पाहा. जरा उजव्या अंगाला. धूसर पट्टा असंल."

दिवे गेले. गाडीत काळोख झाला. सपना त्या बाईशी लेकराशी बोलावं तसं बोलू लागली. "मावशी, इकडं पाहा. डोळे उघडा. त्यो चमकतो तो सोडा, त्याच्या वर... वर..."

"दिसला!" मागून एक बाई ओरडली. मग दुसरा आवाज, मग पाच-सहा. डाव्या बाजूचे लोक उठून उजवीकडे आले. गाडी त्या अंगाला किंचित कलल्यासारखी प्रेमानंदला वाटली. "केवढी शेपटी हो!" "मला दिसंना." "अरे माझ्या बोटाकडं पाहा." आणि त्या सगळ्या गलक्यात सपनाचा आवाज, "दिसला का मावशी? मान हालवा. हालवली! दादा, तिला दिसला!"

प्रेमानंदच्या मानेची शीर उजवीकडे ओढत होती. अर्धा क्षण पुरला असता. समोर दिव्यांच्या उजेडात एक ट्रॉली उगवली, पोत्यांनी भरलेली, मागे कसलाच दिवा नसलेली. त्याने ब्रेक दाबला, गाडी बाहेरून काढली, आणि त्यानंतर औंढ्यापर्यंत एकदाही मान हलवली नाही.

गाडी थेट दवाखान्याच्या दारापर्यंत आत घातली. स्ट्रेचर आलं. डॉक्टर बाहेरच आले होते; पेशंटला इंजेक्शन देऊन पुढे नांदेडला हलवावं लागेल म्हणाले. ग्यानोबा वळूनही न पाहता आत गेला. बाकीच्या लोकांना जवळा बाजारला पोचवायचं होतं. गाडी तिथे पोचली तेव्हा चंद्र तांबडा होऊन वर आला होता आणि मावळतीवर ढगांची एक लांब पट्टी पसरली होती. लोक उतरताना एकमेकांना अजून तेच सांगत होते.

पुढचे दिवस आभाळ भरलेलंच राहिलं. नंतर दुर्बीण घेऊन तो रानात गेला, पण हाच तो, असं खात्रीने म्हणावं असं काही त्याला सापडलं नाही.

सपना म्हणायची, "दादा, तुमी फाट्यावर थांबले नसते तर गाडी कवाच पुढं गेली असती. त्यायला कोन भेटलं असतं?" ते खरंच होतं. तरी त्याच्या जिवाची घालमेल थांबली नाही. त्या फाट्यावर कुणी हात केला नाही तरी त्याचा पाय ब्रेकवर जायचा.

संक्रांत होऊन गेली. जवळा बाजारचा आठवडी बाजार होता, भर दुपार. हिंगोलीला परतायची गाडी भरत होती आणि प्रेमानंद आपल्या जागेवर बसून पाणी पीत होता. खाली, त्याच्या दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्यावर पदर, काखेत भाजीची पिशवी. मागे एक माणूस. माणूस त्याने आधी ओळखला.

"ड्रायव्हरदादा, तुमीच का वो त्या दिवशीचे?" बाईने वर बघत विचारलं. "हे म्हनून राहिले, ह्योच ड्रायव्हर."

बाटलीचं झाकण प्रेमानंदच्या हातातून खाली पडलं.

"बऱ्या हायत ना तुमी?" तो म्हणाला.

"बरी हाय. महिनाभर नांदेडला पडून व्हते. दोन बोटं गेली या हाताची, सडली म्हनले. पर बाकी बरी हाय. धारा काढते, सैपाक करते." मग आवाज खाली आणून, जणू बरेच दिवस राखून ठेवलेलं विचारावं तसं तिने विचारलं, "दादा, ते आभाळातलं अजून हाय का?"

"न्हाई. गेलं ते."

"परत कवा येईल?"

"आता न्हाई येत बहुतेक."

"अगं बया. मंग बरं झालं पाह्यलं. मला तर वाटलं, मरतानी असंच दिसत असंल. ह्यायला सांगितलं तर हे म्हनले येडी झालीस. दोन व्हते ना ते?"

"दोन?"

"दोन. शेजारी शेजारी. डाक्टर म्हनले, इखानं एकाचे दोन दिसतेत. मला काही पटलं न्हाई. तुमाला किती दिसले?"

"मी न्हाई पाह्यला," प्रेमानंद म्हणाला.

"हाव? तुमीच तर दाखिवला की!"

"गाडी चालवत व्हतो ना मावशी."

रुक्माबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर, त्याच्याकडे. तिने काखेतली पिशवी ग्यानोबाकडे दिली.

"कसा व्हता, सांगता का?" त्याने विचारलं. तीन महिन्यांत कुणालाच त्याने हे विचारलं नव्हतं. वर्गात इतके जण सांगत होते, तरी नाही.

"पाहा, असं," ती म्हणाली आणि तिने डावा हात वर उचलला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं होतं, कातडी अजून गुलाबी, ताणलेली. अंगठा तिने तळव्यात दुमडला. उरलेली दोन बोटं स्टँडच्या पत्र्यांवरून, मावळतीच्या अंगाला, जराशी तिरपी उभी राहिली. "खाली बारीक, वर पसरट. राख उडवल्यावानी. आन् हालत नव्हते. मी मनात म्हनलं, हे हालंनात तवर आपुन बी हालायचं न्हाई."

दुपारचं आभाळ पांढरं फटक होतं. प्रेमानंद दाराबाहेर वाकला आणि त्या दोन बोटांच्या टोकांच्या वर पाहत राहिला. मागे सपनाने डबल बेल दिली. रुक्माबाईने हात खाली घेतला नव्हता, म्हणून त्याने गाडी काढली नाही.