नखाएवढी मगर

पडद्यावर नखाएवढी मगर होती. अमर नावाच्या पोराच्या मोबाइलची काच तडकलेली, आणि तो तडा नेमका मगरीच्या उघड्या जबड्यातून गेलेला – मागं पाणी, पाण्यामागं पळसाची झाडं, खाली कुणीतरी लिहिलेलं : आपल्या गावचा तलाव. रोशनीनं फोन तिरपा केला, सरळ केला. ज्या तलावाची मासळी खाऊन ती लहानाची मोठी झाली, तोच हा की दुसराच कुठला, काही केल्या तिला ठरवता येईना… आणि समोर शाळेच्या व्हरांड्यात पोरं-पोरी तिच्या तोंडाकडे बघत बसलेली.

चंद्रपूरच्या कॉलेजातली ती आणि तिच्यासोबतची काही मुलंमुली सुटीत गावोगाव जाऊन हेच तर सांगायची – मोबाइलवर आलं म्हणजे खरं नव्हे. कुणी काढलं, कुठं, कधी, विचारा. परक्या गावात रोशनीची जीभ कशी सुरीसारखी चालायची! पण हे तिचं गाव. ब्लूटूथवरून ही मगर घरोघरी पोचल्यापासून तलावात जाळं पडलं नव्हतं, आणि तिची आई, गुणाबाई, बाजारातून सुकी मासळी आणत होती. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात विकतची मासळी! "तू सांग नं त्याईले, मगर नाई म्हणून," आई सकाळीच म्हणाली होती, "तुयं आयकतीन पोट्टे." सांगावं? आणि उद्या त्यातलं एखादं पोर पाण्यात उतरलं आणि… नको, नको.

गावाची एक रीत होती. तलावात डोह, बुडालेला खुंट, काहीही भीतीचं दिसलं, की ज्यानं पाहिलं त्यानंच त्या जागेसमोर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काठी रोवायची, वर लाल चिंधी बांधायची. न पाहिलेल्यानं काठीला हातही लावायचा नाही. रोशनीच्या लहानपणी अख्ख्या पाळीवर एखादी काठी दिसायची. आज येताना पाहिलं तर चिंध्याच चिंध्या, जत्रा भरल्यासारख्या.

"काठ्या कोणी कोणी रोवल्या?" तिनं विचारलं.

भराभर हात वर झाले.

"मंग मगर कुठी हाय, दाखवा."

बोटं निघाली – अमरचं देवळाकडे, कुणाचं घाटाकडे, कुणाचं पार सांडव्याकडे. मग एकेकाची नजर शेजारच्याच्या बोटावर गेली. नववीतली मयुरी स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाली, "मी त फोनमंदी पाह्यली."

"मीबी," अमर म्हणाला.

"मीबी…"

बाई गं! खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं, म्हणून इमानानं काठी रोवली होती. कानात आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर, ऐकलेलं सोडावं नि पाहिलेलं धरावं, असं जुनी माणसं सांगायची. आता डोळ्यानंच दगा दिला तर माणसानं जायचं कुठं? आणि त्याहून थोर नवल हे, की तो दगा या पोरांना आत्ता, तिच्यादेखत उमगत होता – तिनं काही शिकवण्याआधीच. एवढ्या शिबिरांत बडबडली, पण असं काही तिनं आजवर बघितलंच नव्हतं.

आता एक वाक्य, की जाळी पडतील. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. "म्हणजे तलावात मगर नाई," ती ठणकावून म्हणाली.

मयुरीनं मान वर केली. "ताई, तू पाह्यलं?"

"काय?"

"मगर नाई ते. का तूबी फोनमंदीच पाहून सांगून राह्यली?"

कानशिलं तापली. एवढीशी पोट्टी, आणि… पण मयुरीच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. तिला खरंच हवं होतं उत्तर. आणि उत्तर नव्हतं – रोशनीनं तलाव पाळीवरूनच पाहिला होता, पाण्याला पायसुद्धा न लावता.

"नाई," ती म्हणाली. "मी नाई पाह्यलं."

आईला काय सांगायचं, जाळी कधी पडायची, पाण्यात काय होतं नि काय नव्हतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसणं तसंच छातीत भरून राहिलं, मोठं, थंडगार… आणि त्या पोरीपुढं, खरं सांगायचं तर, तिला हात जोडावेसे वाटले.