तळाची तूर

मी परखी बोलतेय. लोखंडाची, वीतभराहून जरा लांब, पुढं टोकदार, पाठीला पन्हळ. बाहेरूनच पोत्यात खुपसली की दाणे पन्हळीतून घरंगळत तळहातावर येतात. दुसऱ्याच्या पोटात काय दडलंय ते बघणं हाच माझा धंदा, तेव्हा भोचक म्हणालात तरी मला राग येत नाही.

लोहाराची भट्टी फारशी आठवत नाही. लाल उजेड, मग पाण्याचा चर्र आवाज, एवढंच. पहिल्यांदा तुरीत शिरले ते मात्र आठवतं. आत अंधार, ऊब आणि दाण्यांची कुजबुज. जणू गोदावरीच्या तळाशी वाळूत निजलेय. खिळ्याला टांगलेली असले की अजून तीच स्वप्नं पडतात.

माझा मालक धम्मानंद लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर माल बघतो. त्याची पोर महामाया. बी.एस्सी. करताना रोज सकाळी ती बापाबरोबर यार्डात यायची आणि मला तीन ठिकाणी खुपसायची, तोंडाशी, पोटात, तळाला.

"वर टपोरी, खाली किडकी भरणारे लई हायत," धम्मानंद सांगायचा.

उन्हात टरफलांची धूळ तरंगत असायची आणि ही पोर दाणा दाताखाली फोडून ओल किती ते सांगायची.

मग ती नांदेडला तीन वर्षं वकिली शिकली. यंदा पास झाली आणि पुण्याच्या एका मोठ्या वकील फर्मकडं अर्ज धाडला. तेवढ्या एका नोकरीवर तिचा जीव टांगलेला. शेजारची चांगुणाकाकू रोज दारात हजर.

"लागली का गं नोकरी?"

"अजून मुलाखत व्हायचीय, काकू."

"मग पेढे सांगून ठिवू का नगं?"

मुलाखत मोबाइलवर झाली. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, मागं भिंतीवर मी. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा वर सारला.

"बारावीनंतर तुम्ही एकदम वकिलीच लिहिलीय. पण तीन वर्षांच्या वकिलीला आधी पदवी लागतेच. ती कुठं गेली?"

पोरीचे कान लाल झाले. कॉलेजातल्या रविकिरणनं तिला सांगितलं होतं की मोठ्या फर्मला बारावीनंतर थेट पाच वर्षं वकिली केलेली, नावाजलेल्या कॉलेजची पोरं लागतात, तुझी बी.एस्सी. झाकून ठेव.

"बी.एस्सी. आहे, मॅडम. लातूरची. मीच काढून टाकली. वाटलं, कॉलेजचं नाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवाल."

"ठेवतात काही जण," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

दाराआडून धम्मानंदला राहवलं नाही. "बाय, उलटं पोतं भरलंस की गं! चांगला माल तळाला दडपलास!"

"हे कोण?"

"बाबा," पोर म्हणाली आणि लाजेनं अर्धी झाली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि बाबा काय म्हणाले ते बाईंना समजावून सांगितलं.

बाई पुढं सरकल्या. "ओल जास्त म्हणून कुणी माल परत केला, तर तुम्ही आधी काय विचाराल?"

"नमुना कुठून घेतला? नुसत्या तोंडाशी घेतला असेल, तर तो अहवाल अख्ख्या पोत्याचा नाही."

मग ती बोलतच राहिली. प्रयोगशाळेतलं, यार्डातलं, कायद्यातलं सगळं एकाच धारेनं घरंगळत होतं. तिच्या मुठीत मी गरम झाले, पुन्हा भट्टीत गेल्यासारखी.

चौथ्या दिवशी निरोप आला. सहा महिने कामावर या, मग ठरवू. मोठ्या कॉलेजच्या दोघांना म्हणे सरळ कायम केलं.

"सहा महिन्यांनी काढलं तर?" पोरीनं विचारलं.

"तवर ते तुला बघतील, तू त्यांना बघ," बाप म्हणाला.

चांगुणाकाकूनं पेढे मात्र किलोभर आणले. "सहा म्हैन्याचे काय अर्धे आणायचे असत्यात का?"

पोर पुण्याला गेली. मी आता जुनी झालेय, टोक बोथट झालंय. दुपारी यार्ड पेंगुळलं की मला उंच काचेची इमारत दिसते, कागदांच्या थप्प्या दिसतात आणि त्यांत वाकलेली आमची पोर.

पुण्याच्या बाई, तुम्ही तिला कायम करायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच, दुपारी ती जेवली का ते बघत जा. विचारलंत तर "हाव, जेवले" म्हणेल. डबा उघडून बघा.