आधी काटा, मग पाना

मित्रांनो, मी एक जुना हंडा आहे, पण घरात पाणी साठवतात तसला नव्हे. मी सूत रंगवायच्या कारखान्यातला पोलादी हंडा. माझ्या काठापर्यंत पोचायला लोखंडी जिना होता आणि काठाभोवती उभं राहायला जाळीचा ओटा. माझ्या पोटात सुताच्या गुंड्या रचायच्या, रंगाचं पाणी सोडायचं, वरून झाकण टाकून बोल्ट आवळायचे आणि पाणी उकळीच्याही पुढे तापवायचं. तापलेलं पाणी बाहेर पडू पाहतं, झाकण त्याला पडू देत नाही. त्या मारामारीत रंग सुतात शिरतो. कारखान्यातून बाहेर पडलेलं मऊ सूत हातात घेणाऱ्याला ही मारामारी दिसत नाही. मी मात्र ती रोज पोटात घेऊन जगलो.

माझा जन्मही मारातूनच झाला. जाड पत्रा भट्टीत लाल केला, दोन रुळांमध्ये चेपून गोल केला आणि घणाखाली घेतला. शेवटी माझ्यात पाणी कोंबून कोंबून भरलं; फुटतो का ते बघायला. मी फुटलो नाही. ज्याने मला ठोकलं होतं त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पोरगं दणकट आहे, पण रागीट होणार." त्याचं म्हणणं खरं होतं. मला दया नाही. जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडायचं, एवढंच माझ्या पोटातल्या पाण्याला कळतं.

माझ्या छातीवर दाबाचं घड्याळ होतं आणि त्याच्या शेजारी एक पितळी पाटी. मला कसं चालवायचं ते त्या पाटीवर कोरलेलं होतं. ते लिहिणारा माणूस दूरच्या कचेरीत बसणारा. त्याला प्रत्येक ओळीची सुरुवात कामाने करायची हौस. 'सूत रचा.' 'पाणी भरा.' 'झाकण आवळा.' ओळी कशा एका रांगेत उभ्या, छान दिसायच्या. एका ओळीला मात्र एक अट जोडायची होती. ती त्याने शेवटी, जागा उरेल तशी, बारीक अक्षरांत बसवली: 'बोल्ट सैल करा, घड्याळाचा काटा शून्यावर आला असल्यास.'

कचेरीत बसून, चहा पीत, डोळ्यांनी वाचली तर या ओळीत काही खोट नव्हती. पण आमच्या कारखान्यात पाटी डोळ्यांनी वाचत नसत.

आमच्याकडे एक जुना मुकादम होता. तो म्हणायचा, "डोक्यावर विसंबू नका रे. डोकं घरची भांडणं घेऊन कामावर येतं. पाटी कुणाशी भांडत नाही." त्याने रीत पाडली: हंड्यावर कायम दोघं. एक पाटीसमोर उभा राहून ओळी मोठ्याने ओरडणार, तो पाटीवाला. दुसरा वर ओट्यावर पाना घेऊन उभा, तो पानेवाला. खालून ओळ यायची, वरचे हात चालायचे. कामं सगळ्यांना तोंडपाठ होती, तरीही रोज ओरडायचं. पाटी न वाचता कुणी नळाला हात लावला तर मुकादम मानगुटीवर असा तडाखा द्यायचा की त्या माणसाची टोपी थेट माझ्या पोटात पडायची. मुकादम गेला, रीत राहिली.

माझ्यावर दोघे भाऊ होते. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला पानेवाला, धाकटा पाटीवाला. धाकट्याचा आवाज असा की छपरावरची कबुतरं उडत.

"अरे, जरा हळू!" थोरला वरून म्हणायचा. "मी तुझा मोठा भाऊ आहे, बहिरा नाही."

"हळू ओरडलो तर तू झोपशील, दादा."

थोरल्याची लेक शिकून एका कंपनीत लागली होती. नवीन वस्तूबरोबर, ती कशी वापरायची हे सांगणारा कागद येतो ना, तो ती लिहायची. थोरला हे सगळ्यांना सांगत सुटायचा. "मिक्सरचं भांडं ज्या कागदात गुंडाळून येतं, तो माझी पोरगी लिहिते. लोक न वाचता फेकतात. पण काय लिहिते, वा!" आणि हसून माझ्या बोल्टावर पाना हाणायचा. मला त्याचे हात आवडायचे. पाटीतला शब्द कानावर पडला की क्षणात निघायचे. त्यांत आळस नव्हता आणि शंकाही नव्हती.

आता तुम्ही विचाराल, मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही? कारण धाकटा 'बोल्ट सैल करा' म्हणण्याआधी सवयीने घड्याळाकडे बघून घ्यायचा. जी अट पाटीने शेवटी टाकली होती, ती त्याची नजर आधी पुरी करायची. पाटीची चूक त्याच्या सवयीने झाकून ठेवली होती.

त्या दिवशी माझ्या पोटात लाल रंग होता. वाफ सोडायच्या नळीत सुताचा बोळा अडकला आणि आतला दाब उतरलाच नाही. शेजारच्या नळातून गळणारी वाफ घड्याळाच्या काचेवर बसली होती. काटा दिसेना. धाकट्याने बाहीने काच पुसायला घेतली आणि पुसता पुसता पुढची ओळ ओरडला, "बोल्ट सैल करा..."

वर पाना फिरला. एक बोल्ट. दुसरा.

"...घड्याळाचा काटा..." इथवर धाकटा आला तेव्हा काच स्वच्छ झाली होती. काटा शून्यापासून दूर, वरच उभा होता. तो "दादा!" म्हणून ओरडला.

मला फट सापडली होती. झाकण त्या बाजूने तोंडासारखं उघडलं आणि उकळता लाल लोंढा थोरल्याच्या छातीवर आदळला. त्या लोंढ्याने त्याला कठड्यावरून उचलून भिंतीवर फेकलं. उरलेले बोल्ट गोळ्यांसारखे सुटले. झाकणाने वरचं छप्पर फाडलं आणि ते ओट्यावर असं कोसळलं की जाळी दुमडली. लाल पाणी जिन्यावरून, फरशीवरून, गटारापर्यंत वाहत गेलं. धाकटा त्या वाफेत घुसला, हात भाजून घेत भावाला ओढू लागला. मित्रांनो, फरशीवर रंग कुठे संपतो आणि रक्त कुठे सुरू होतं, हे तिथे कुणालाच कळत नव्हतं. मला कळत होतं. पण मी सांगणार नाही.

त्यांच्या घरी काय झालं ते मी पाहिलं नाही, कामगारांच्या बोलण्यातून ऐकलं. थोरल्याच्या बायकोने धाकट्याची गचांडी धरली. "भावजी, तुम्ही वाचलंत आणि ते मेले! तुम्ही वाचलंत!" दोन्ही मुठींनी ती त्याच्या तोंडावर, छातीवर मारत राहिली. भाजलेले हात बांधलेला धाकटा नुसता उभा राहिला. "मारा, वहिनी," एवढंच म्हणाला. शेवटी लेकीने आईला कमरेला धरून मागे ओढलं. ती स्वतः रडली नव्हती. तिने काकाला एकच विचारलं, "काका, पाटीवरची ओळ जशीच्या तशी सांग."

माझी दुरुस्ती झाली. नवे बोल्ट, नवी नळी, झाकण ठोकून सरळ केलेलं. पाटी मात्र जुनीच. मी पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी धाकटा कामावर आला आणि म्हणाला, "आजपासून पाना मी धरणार." त्याच्या डोळ्यांत जे होतं ते सगळ्यांना दिसलं. त्याला पाना नको होता, भावाची जागा हवी होती. आणि त्याच दिवशी लेक आली.

मालक माझ्यापाशीच उभे होते. ती म्हणाली, "ही पाटी बदला. अट आधी, काम नंतर. तोवर माझ्या काकाला वर चढवू नका."

"बाई, तुमचं दुःख मला कळतं," मालक म्हणाले. "पण शब्द सगळे पाटीवर आहेत. पुढे काय नि मागे काय, अर्थ तोच. तुमच्या वडिलांनी घाई केली. चौकशीत मी तसं सांगितलंय. आता पाटी बदलली तर चूक आमची होती असं होईल."

"वडिलांनी घाई नाही केली. ऐकलं. हुकूम कानावर पडला की हात निघतो, वाक्य संपायची वाट बघत नाही."

"नवशिक्याचा निघत असेल. ज्याला काम येतं त्याचा नाही."

"तुम्हाला येतं?"

मालक हसले. "हा हंडा मी स्वतः चालवलाय. तुम्ही शाळेत असताना."

"मग चढा वर. मी ओरडते, तुम्ही करा."

बॉयलरवाला म्हातारा, चार कामगार, धाकटा, सगळे बघत होते. मालकांनी बाह्या सरसावल्या आणि जिना चढले. लेकही चढली. झाकण साखळीने वर टांगलेलं होतं. साखळी ओट्यावरच्या गिरकीच्या चाकावर गुंडाळलेली आणि गिरकी एका खिट्टीने अडवलेली. लेक त्या गिरकीपाशी उभी राहिली. तिने बापाचा आवाज नाही, काकाचा आवाज काढला. छपरावरची कबुतरं उडाली.

"पुढे या! दोन्ही हात काठावर ठेवा! वाका! मान आत घाला..."

मालकांनी मान आत घातली.

ती थांबली. तिचा अंगठा खिट्टीवर होता. वर ते झाकण, ज्याने छप्पर फाडलं होतं. खाली मालकांचा गळा माझ्या काठावर टेकलेला; त्याची नाडी मला जाणवत होती. मित्रांनो, मी आयुष्यभर दाब ओळखत आलो. त्या अंगठ्यात जेवढा दाब होता तेवढा माझ्या पोटात कधी नव्हता. खिट्टी किंचित सरकली. साखळी कुरकुरली.

"पोरी," खालून धाकटा अगदी हळू म्हणाला. "नको गं."

"...झाकणाखाली टेकू लावलेला असेल तर," लेकीने वाक्य पूर्ण केलं आणि अंगठा उचलला.

टेकू झाकणाखाली नव्हता, भिंतीला टेकवून ठेवला होता. टेकूशिवाय मान आत घालायची नाही, हे मालकांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. ते मागे झाले तेव्हा त्यांचा चेहरा न रंगवलेल्या सुतासारखा झाला होता. मग तो लाल झाला. त्यांनी लेकीच्या थोबाडीत अशी मारली की ती कठड्यावर आपटली, चष्मा खाली पडून फुटला. धाकटा तीन उड्यांत जिना चढला. पाना त्याच्या डोक्याच्या वर होता आणि मालकांचं डोकं त्याच्या खाली.

"काका! खाली घे!" ओठातलं रक्त पुसत लेक ओरडली. "मला अजून एक माणूस गमवायचा नाहीये!"

पाना क्षणभर तसाच राहिला. मग धाकटा वळला, जिना उतरला आणि पान्याचं तोंड पाटीच्या मागे घालून अंगातला सगळा जोर लावला. मला माझी कातडी सोलल्यासारखं झालं. रिव्हेटा टणाटण उडाल्या. पाटी फरशीवर पडली आणि तो तिच्यावर घाव घालत सुटला. अक्षरं चेपून एकमेकांत जाईपर्यंत तो थांबला नाही. मग तिथेच बसून त्याने गुडघ्यांत डोकं घातलं.

"तमाशा झाला असेल तर हंडा चालू करा," मालक म्हणाले.

कुणी हललं नाही.

"पाटी नाही, मालक," बॉयलरवाला म्हणाला. "पाटी वाचल्याशिवाय हंडा लागत नाही. जुनी रीत आहे."

"तुम्हाला सगळं पाठ आहे!"

"पाठ तर तुम्हालाही होतं, मालक. तरी मान घातलीतच की."

मी आठवडाभर थंड राहिलो. बॉयलरवाल्याने मालकांच्या मानेची गोष्ट चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही सांगितली, तीही दोनदा, दुसऱ्यांदा वाकून दाखवत. 'कामगाराने घाई केली' हे वाक्य त्यांच्या अहवालात आलं नाही. पाटी चुकीची होती असं मालक शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. जुनी मोडली म्हणून नवी करून घेतो, असं म्हणाले. नवी पाटी लेकीने लिहिली. तिच्यात सगळी अक्षरं सारखी मोठी होती. ती ओळ अशी होती: 'घड्याळाचा काटा शून्यावर असेल, तरच बोल्ट सैल करा. शून्यावर नसेल, तर बोल्टाला हात न लावता ओट्यावरून खाली उतरा.'

पहिल्या दिवशी पाटीवाला झाला बॉयलरवाला, आणि पाना धाकट्यानेच मागून घेतला. लेक दाराशी उभी होती. त्या दिवशी नळीत काही अडकलं नव्हतं, पण वाफ सावकाश उतरत होती आणि माझ्या पोटात अजून बराच राग शिल्लक होता. मी काठाशी येऊन थांबलो होतो. एवढीशी फट मिळाली असती तर मी धाकट्यालाही सोडलं नसतं. मी तुम्हाला सांगितलंच, मला दया नाही.

"घड्याळाचा काटा..." बॉयलरवाला ओरडला.

पाना वर गेला होता. तो वरच राहिला. धाकटा वाट बघत होता.

"...शून्यावर असेल, तरच... नाही, नाही आला अजून! उतर खाली!"

धाकट्याने पाना ओट्यावर ठेवला आणि एकेक पायरी उतरून तो पुतणीपाशी जाऊन उभा राहिला. आत मी धडका मारत होतो. बाहेर दोघं माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी पुष्कळ सूत रंगवलं. मग नवे हंडे आले, दाब उतरेपर्यंत स्वतःचं झाकण स्वतः अडवून धरणारे. मला मागच्या अंगणात टाकलं आहे. माझ्या पोटात आता पावसाचं गार पाणी साचतं, आणि ते कुणावर धावून जात नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कुणासाठी तरी काहीतरी लिहून ठेवाल. यंत्रासाठी, औषधाच्या बाटलीसाठी, नाहीतर घरी एकट्या राहणाऱ्या धाकट्या बहिणीसाठी शेगडीपाशी चिकटवलेली चिठ्ठी. लिहिताना तुम्ही निवांत बसलेले असाल. वाचणारा बसलेला नसेल. त्याचा हात उचललेला असेल. तुमचा पहिला शब्द ऐकताच तो हात निघणार आहे. म्हणून कृपा करून, ज्याने त्या हाताला थांबता येईल, ते आधी लिहा.