धार कुणी काढली?

पहिली किटली टेबलावर टेकताच तिनं त्यावरचा सभासद क्रमांक वाचला आणि 'पुरुष' या रकान्यात झोकात रेघ ओढली. दुसरी, तिसरी, चौथी... सगळ्या रेघा त्याच बाजूला. दूध संकलन केंद्राच्या दारात रांग वाढत होती आणि तिला भलताच हुरूप चढला होता.

रांगेतल्या आत्यानं मान लांब करून कागद पाहिला.

"मी काय पुरुष वाटले का गं तुला?"

"किटली आतोबांच्या नावावर आहे ना, आत्या."

"मग तिला मिश्याही काढ. धार तर मीच काढली."

रांग खदखदली. हिचे मात्र कानच तापले. कालच तर ती दूध संस्थेच्या सचिवांशी हुज्जत घालून आली होती. गोठा सांभाळणाऱ्या एकाला संस्था जनावरांच्या आजारांचं प्रशिक्षण घ्यायला पाठवणार होती. त्याआधी गोठ्यात राबणाऱ्या बायका किती, पुरुष किती, हे वेगळं मोजून कळवायचं होतं. "बायका सभासदच नाहीत, शून्य टाकू," असं सचिव म्हणाले, तेव्हा "एक सकाळ मला द्या" म्हणून तिनंच हट्ट धरला होता. आणि आता तीच किटल्या मोजत बसली होती!

घरी बाबांनी त्या जागेसाठी स्वतःचं नाव देऊन नवी बॅगही आणली होती. माहितीपत्रकातलं गाईच्या कासेचं चित्र आई मात्र भाजी करपेपर्यंत बघत बसली होती.

तिनं कागद उलटा केला.

"पुन्हा सुरुवात. धार कुणी काढली, तेवढं सांगायचं."

"अगं बाई, दूध नासेल तोवर," सचिव कुरकुरले.

"तुम्ही माप घ्या काका, मी विचारते."

पुरुष कान खाजवू लागले.

"आमच्या हिनं."

"आईनं."

"मीच काढतो," एक जण हळूच म्हणाला. "मित्र चिडवतात, म्हणून बोलत नाही कुठं."

बायकांचा रकाना भरभर भरत चालला. पेन तिच्या बोटांत थांबेना. मान वर केली, तर समोर बाबा.

"धार कुणी काढली?" तिनं सगळ्यांना विचारलं तसंच विचारलं.

"तुला माहीत नाही का?"

"सांगावं लागतं, बाबा. सगळ्यांनी सांगितलं."

सचिवांचं माप हवेतच थांबलं. बाबांनी ओला तळवा शर्टाला पुसला, मग दुसरा पुसला.

"तुझ्या आईनं. लिही."

तिनं रेघ ओढली. आनंदात ती कागदाबाहेर टेबलावर गेली.

बाबा रिकामी किटली घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ते प्रशिक्षण किती दिवसांचं आहे गं?"

"आठवडाभर."

"मग आज संध्याकाळी मी तुझ्या आईशेजारी गोठ्यात बसतो," ते खाली बघत म्हणाले. "गाय मला हात लावू देते का, बघायला हवं."