दोन फोटोंची देवळी

“ए, तुझ्यात मेलेली माणसं अजून आतच आहेत का गं?”

हा प्रश्न मला काल संध्याकाळी गावातल्या आसिमिनाने विचारला. मैत्रिणींनी पैज लावली होती ना! त्या दोघी अक्रोडाच्या झाडामागे लपून खिदळत होत्या. “जवळ जाऊन विचार! अजून जवळ! घाबरट कुठली!”

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची देवळी आहे. ग्रीसच्या डोंगरात, दरीच्या कडेला, एका बेभरवशाच्या वळणावर चार लोखंडी पायांवर उभी आहे. माझ्या पोटात तेलाचा दिवा, संताची तसबीर आणि दोन फोटो आहेत. दोन सख्ख्या भावांचे.

थोरला पान्तेलिस दुधाची गाडी चालवायचा. एका धुक्याच्या सकाळी तो इथूनच दरीत गेला. त्याच्या आईने, लाम्ब्रिनीआजीने, मला वेल्डरकडून बनवून घेतलं. ती रोज चढ चढून यायची, काच पुसायची, वातीला तेल घालायची आणि फोटोशी भांडायची. “आजही जेवला नसशील! ऐकशील तर शपथ!” येणारा-जाणारा प्रत्येक जण मला बघून अंगावर क्रूसाची खूण करायचा. केवढा मान होता माझा!

मग धाकटा स्टेर्गिओस गेला. जागा तीच, पण भर दुपारी, लख्ख उन्हात. “भावाने बोलावून घेतलं,” गाव कुजबुजलं. मी मात्र पाहिलं होतं. भावाच्या फोटोकडे बघत त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलला. कपाळ, पोट, उजवा खांदा... हात डाव्या खांद्याला पोचला तेव्हा चाकांखाली रस्ता नव्हता.

तेव्हापासून कुणाचा हात कपाळाकडे जाताना दिसला की माझा पत्रा शहारतो. आजी गेली, दिवा विझला, मला गंज चढला. वारा भोकांतून शिरला की माझ्यातून शीळ निघते, एक जाड, एक बारीक. ती ऐकून लोक गाडीच्या काचा वर करतात आणि आणखी घाईघाईने क्रूस करतात.

तुम्ही कधी इकडे गाडी घेऊन आलात, तर पेट्रोल खालच्या गावातच भरा. वळणाआधी हॉर्न द्या. समोरच्याने दिवे मारले तर ‘या, तुम्ही आधी’ असं मुळीच समजू नका. इथे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला व्हा!’ तिन्हीसांजेला शेळ्या ऊबदार डांबरावर बसलेल्या असतात, त्यांना सांभाळा. एवढं सगळं कुणीही सांगेल. ‘देवळीकडे नको, रस्त्याकडे बघा’ हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

तर, आसिमिनाने बाहीने माझी काच पुसली. आतले दोन चेहरे दिसले आणि तिचं हसूच मावळलं. “अय्या, हा धाकटा तर माझ्याच वयाचा वाटतो,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात वळणावर तिच्या बाबांची, सोतिरिसची, पिकअप आली. शेजारी आई बसली होती. बाबांच्या डाव्या हातात गार कॉफीचा पेला होता. आणि उजवा हात? उजवा हात कपाळाकडे निघाला होता! गाडी कडेला सरकू लागली. मी ओरडू शकत नाही हो, मित्रांनो! ओरडली ती आसिमिना. ब्रेक करकचले. गाडी तिच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाबा खाली उतरले. “त्या दोघांनी ओढलं! स्टिअरिंग ओढलं माझं, देवाशप्पथ!”

“लागलं का गं कुठे?” आईने तिला छातीशी धरलं, आणि लगेच, “कार्टे, इथे कशाला मरायला आली होतीस?”

“कुणी काही ओढलं नाही, बाबा! एक हात कॉफीला, एक कपाळाला. स्टिअरिंगला कोण होतं?”

बाबांनी शर्टावर सांडलेली कॉफी पाहिली. “अगं, पण मेलेल्यांना मान न देता पुढे जायचं? माझे वडील जायचे नाहीत, मीही जाणार नाही.”

आणि आसिमिनाचा आवाज? खणखणीत!

“मग ऐका दोघंही. उद्या मी वेल्डरला घेऊन येणार आणि ही देवळी पुढच्या सपाट जागेवर हलवणार, जिथे गाडी लावता येते. ज्याला मान द्यायचाय त्याने थांबायचं, खाली उतरायचं, दिव्यात तेल घालायचं आणि मग दोन्ही हात मोकळे ठेवून हवे तेवढे क्रूस करायचे. मी ठरवलंय. आणि आता घरापर्यंत गाडी आई चालवणार.”