चुन्याचं बोट

माझ्या पानाच्या डब्यातला चुना चोरायचं वय आहे का ललितचं? चाळिशीला टेकलेला लेक. डबी उघडली तर आत बोट फिरवल्याची खूण, आणि साहेब दह्याची वाटी चाटत बसलेले.

"हे काय रे?"

"कॅल्शियम, आई. डॉक्टरीणच म्हणाली ना, सगळा घोळ कॅल्शियमचा हाय."

मी चौथी शिकलेली, पण त्या दिवशी दवाखान्यात कान माझेच उघडे होते. यंदा, कुंभमेळ्याच्या साली, भादव्यात ह्याला ताप भरला. तरी सातपूरच्या कारखान्यातली पाळी सोडली नाही, वर घरी येऊन झेंडूला पाणी भरलं. तापाचा विषाणू हृदयात उतरला. चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा कुठे दवाखाना. डॉक्टरीण म्हणाली, हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो, त्याला बारीक दारं असतात. थोडं सुटलं की पेशी आवळते, परत आत घेतलं की सैल पडते. विषाणू ही दारं नासवतो आणि तेच कॅल्शियम स्वतःची पिल्लावळ वाढवायला वापरतो. तीन महिने आराम, ओझं बंद.

मला लगेच उमगलं. आम्ही जन्मभर दारंच धरली. पाटाचं पाणी वाफ्यात सोडायचं, भरला की मातीनं दार बुजवायचं. दार फुटलं तर पाणी कमी पडत नाही, नको तिथं साचून मुळं कुजतात. त्यात हा आणखी चुना घालतोय!

हे त्याला सांगितलं. हसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलं बाजारात न्यायला झिपरूचा टेम्पो दारात आला. सून प्रतिभा एकटीच क्रेट चढवत होती. "सरक, आता ताकद आलीय," म्हणत ह्यानं क्रेट उचलला. तिसऱ्या क्रेटला खाली बसला. ओठ काळेनिळे. झेंडू चिखलात.

फुलं उतरवून त्याच टेम्पोत त्याला दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर दोन दिवस काढले. ह्याच्या बापासाठीही असंच बसले होते. आता कंबर साथ देत नाही.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडून विचारतो, "फुलं गेली का गं?"

मी म्हटलं, "तुझ्यात चुना कमी नाय, ललित, अक्कल कमी हाय. भरल्या वाफ्यात, पाणी जिरून वाफसा यायच्या आधी, पाय घालतं का कुणी? मातीचा दगड होतो, मग वर्षभर काही उगवत नाय. गप पडून राहा. दारं धरायला मी हाय अजून."