अडीच तासांची बॅटरी

सकाळी नऊ वाजता वीज गेली की आमच्या घरात बोलायला बंदी. गेले सतरा दिवस हेच चाललंय. रस्त्याखालची जुनी केबल काढून नवी घालणार, म्हणून नऊ ते तीन वीज बंद, असा कागद जिन्यात चिकटवलाय. शेवटी 'सहकार्याबद्दल आभार' असंही लिहिलंय. ज्याने लिहिलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा.

बाकीच्या बिऱ्हाडांचं काय, पंखा बंद आणि फ्रिज बंद. आमच्याकडे श्वास बंद होतो.

हे रात्रीची बस चालवतात. अकरा वर्षं झाली. संध्याकाळी पाचला घर सोडतात, सकाळी आठला परततात आणि दिवसा झोपतात. सुट्टीच्या रात्रीही ह्यांना झोप लागत नाही, बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसतात. मी आपली आत दार लावून एकटी. त्याची इतकी सवय झालीय की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

सहा महिन्यांपूर्वी एका चौकात सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला, तरी ह्यांची बस जागची हलेना. कंडक्टरने खांदा हलवला तर हे स्टिअरिंग धरून झोपलेले. तपासणीत निघालं की झोपेत ह्यांचा श्वास अडतो, तासाला चाळीस वेळा. म्हणजे दिवसभर अंथरुणात असूनही झोप अशी होतच नव्हती. मग हे मशीन आलं. बुटाच्या खोक्याएवढं. त्याला नळी, नळीला मास्क, आणि मास्कमधून नाकात सतत हवेचा दाब. मशीनच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, त्यावर रोजचे तास उमटतात. डेपोने अट घातली: तीन महिने, रोज निदान चार तास. तेवढे दिसले तर लायसन्स राहील, नाहीतर बस विसरा.

बस विसरलेला माझा नवरा कसा दिसेल, ते मला बघायचं नव्हतं. ह्या माणसाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

अडीच महिने सुरळीत गेले. हे माणसात आले, चक्क विनोद करायला लागले. मग जिन्यात तो कागद लागला.

बॅटरी आम्ही घाईघाईत घेतली. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, आठ तास. चालली सव्वा तास. भांडायला गेले तर म्हणतो, "वहिनी, आठ तास म्हणजे टेबलफॅनवर." दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, पाणी गरम करणारा भाग बंद ठेवा, त्यालाच जास्त वीज लागते. तो बंद केला तेव्हा कुठे अडीच तास मिळायला लागले. ह्यांचं नाक कोरडं पडून रक्त आलं, पण अडीच तास. मोठी बॅटरी मागवलीय, ती यायला महिना. तोवर डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत झोपा म्हटलं, तर हे म्हणाले, "तिथं ही सोंड लावून झोपलो ना, की उद्यापासून मी हत्ती." ह्यांच्या हट्टापुढे मी कधीच हात टेकलेत.

तर चहा-नाश्ता उरकून हे आडवे होईपर्यंत नऊ वाजतात, आणि मशीन बॅटरीवर. साडेअकराच्या सुमाराला ती दोनदा टुकटुकते आणि मान टाकते. मी हळूच ह्यांच्या तोंडावरून मास्क काढते आणि पायथ्याशी स्टूल घेऊन बसते. घोरणं सुरू असतं तोवर ठीक. ते थांबलं की मोजायचं. एक, दोन, तीन. दहाला पायाचा अंगठा ओढायचा. हे गुरगुरतात, मोठा श्वास घेतात, पुन्हा घोरायला लागतात. पुन्हा थांबतं. पुन्हा मोजायचं. तीन वाजेपर्यंत.

खिडकीला मी शिवलेला जाड काळा पडदा. खाली रस्ता फोडतायत म्हणून खिडकीही बंद. बेलची वायर काढून ठेवलेली. माझं शिलाई मशीन झाकलेलं, त्याच्याखाली शाळेचे बारा गणवेश पडून आहेत. परवा संध्याकाळी शिवायला बसले तर एक बाही उलटी लावली. बाथरूमला जायचं तरी जीव मुठीत धरून, तेवढ्यात श्वास थांबला तर? एकदा स्टुलावरच माझा डोळा लागला. दचकून उठले तेव्हा खोलीत अजिबात आवाज नव्हता. किती वेळ नव्हता ते देवाला माहीत. मी अंगठा ओढलाच नाही, पायच ओढला. त्या दिवसापासून मी उभी राहून मोजते.

एवढं करूनही कार्डावर चार तास कुठून येणार? तीनला वीज येते तेव्हा ह्यांना आंघोळ, जेवण, डेपो. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "तुम्ही गेलात की मी मास्क लावते. कार्डाला काय कळतंय हवा कोण घेतंय?"

हे शर्टाची बटणं लावत होते. बराच वेळ लावत राहिले. मग म्हणाले, "बघ बाई."

तेव्हापासून रोज हे बाहेर पडले की दीड तासाचा गजर लावून मी मास्क चढवायची आणि आडवी व्हायची. डोळे मिटून नुसती पडून राहायची, निदान मला तसं वाटायचं. गजर वाजला की घसा सुकलेला आणि डोकं ठणकतंय. पण डोकं माझं रोज सकाळीही ठणकतं. आई म्हणायची, तुझा स्वभाव तापट, त्याने दुखतं. मीही तेच धरून चालले होते.

आज अठरावा दिवस. कार्ड दाखवायचा.

मशीनवाल्या बाईंनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. हिरव्या पट्ट्या आल्या. वीज जायला लागली ते पहिले तीन दिवस सोडले तर रोजचे चार तास. मी मनात म्हटलं, सुटलो.

"तास छान आहेत काका," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हे बघा. पहिले अडीच तास उत्तम. आणि शेवटच्या दीड तासात श्वास अडतोय, तासाला सत्तेचाळीस वेळा. मशीनने दाब टोकाला नेलाय, तरीही. गेले चौदा दिवस, रोज."

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या कॉम्प्युटरचा पडदा पाहिला आणि ह्यांना म्हणाले, "आजार बळावलाय. ह्या आकड्यांवर मी तुम्हाला बस देऊ शकत नाही. दाब वाढवू, बघू महिनाभर."

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी पुरती कात्रीत सापडले होते. गप्प बसावं तर आजार वाढला म्हणून लायसन्स जाणार, खरं सांगावं तर फसवणूक केली म्हणून जाणार. टेबलाखाली ह्यांनी माझा हात दाबला. बोलू नकोस. स्वतःची बस जात होती आणि हे मला सांभाळून घेत होते. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना.

बाईंनी आम्ही बरोबर नेलेलं मशीन पुढ्यात ओढलं आणि दाबाचं बटण फिरवायला लागल्या. ह्यांच्या नाकातून आधीच रक्त येत होतं. आता माझ्या आकड्यांची हवा ह्यांच्या छातीत जाणार.

"थांबा," मी म्हटलं. "शेवटचा दीड तास ह्यांचा नाही. माझा आहे."

मग सगळं सांगितलं. बॅटरी, स्टूल, अंगठा, गजर. डॉक्टर रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसले होते. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"ताई, रात्री तुमच्या खोलीत कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"किती वर्षं?"

"अकरा."

"म्हणजे तुम्ही झोपेत घोरता का, तुमचा श्वास थांबतो का, हे कोणी ऐकलेलंच नाही."

मला हसू आलं. मी काडीपैलवान. घोरणं हे जाड माणसांचं काम, असं मी समजून होते. पण बाकी कोणी हसलं नाही. हे तर माझ्याकडे असे बघत होते की जणू सिग्नलवर आत्ताच कोणी ह्यांचा खांदा हलवला.

लायसन्स दोन महिने थांबलं. नवीन कार्ड, फक्त ह्यांच्या श्वासाचं, पहिल्या दिवसापासून. तोवर दिवसा डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसायचं. माझ्या तपासणीची तारीख पाच आठवड्यांनी आहे. "तोवर एकट्या झोपू नका," डॉक्टर म्हणाले.

घरी आलो तेव्हा बारा वाजत आले होते. तीनपर्यंत वीज नाही. सकाळपासून दोघांच्या डोळ्याला डोळा नाही. मध्ये टेबलावर एक मास्क आणि अडीच तासांची बॅटरी.

"तू घाल," हे म्हणाले.

"आणि तुमचे चार तास?"

"गेले खड्ड्यात. आजचा दिवस." मग म्हणाले, "रोज रात्री पन्नास माणसं जपून नेत होतो गं. आणि घरात..."

मी आडवी झाले. ह्यांनीच मास्कचे पट्टे माझ्या डोक्यामागे बांधले, घट्ट होतोय का विचारत. मला रडू आलं. मास्क घालून धड रडताही येत नाही, फटीतून हवा डोळ्यांत जाते. हे पायथ्याच्या स्टुलावर बसले आणि माझा अंगठा हातात धरला.

"मोजायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"दहापर्यंत."

पाच मिनिटंही झाली नसतील. स्टूल करकरलं आणि ह्यांचं घोरणं सुरू झालं. अंगठा हातातच होता. मग घोरणं थांबलं. मी मोजायला लागले. आठ, नऊ, दहा. पाय झटकला. हे खर्रकन मोठा श्वास घेऊन ताठ झाले.

"जागा आहे मी," म्हणाले. "झोप तू."

मी मान हलवली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.